बोंडांवरचा आळ

घरात कुणाला ताप आला की आपण घाबरतो, छातीत कळ आली की धावपळ करतो. पण कुणाचं पोट साफ होत नाही म्हटलं की आधी हसतो, मग चार शेजारी मिळून चार औषधं सुचवतो, आणि डॉक्टरचं नाव निघालं तर म्हणतो, “एवढ्याशा गोष्टीसाठी?” वाचकहो, खोटं वाटत असेल तर आपापल्या घरात आठवून पाहा.

कसरीनच्या डोंगराळ मुलखातल्या ‘ऐन लहमर’ नावाच्या गावात तर या हसण्याचा मोसमच असतो. ऑगस्टच्या कडक उन्हात निवडुंगाची बोंडं पिकतात आणि सारं गाव त्यांच्यावर तुटून पडतं. दव असतानाच बाया काठीला डबा बांधून बोंडं तोडतात, झाडाच्या फांद्यांनी मातीत लोळवून त्यांची कुसं काढतात, आणि मग सावलीत फतकल मारून सोलायला बसतात. गार पाण्याच्या बादलीतली बोंडं खाताना कुणी मोजत नाही. पण त्या बोंडांत बिया फार. जो हावरटपणा करतो त्याच्या बिया आत घट्ट बसतात. तो दोन दिवस कण्हतो आणि गाव पुढचा मोसम येईपर्यंत त्याची थट्टा करतं.

यंदा ही पाळी दहबियाची आली.

दहबिया म्हणजे सोलणाऱ्या बायांतली सर्वांत तिखट जीभ. वय अडुसष्ट, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. गेल्या वर्षी शाळामास्तरच्या बिया बसल्या तेव्हा त्याच्या चालण्याची नक्कल करून तिनंच सगळ्यांना हसवलं होतं. मंगळवारी तिनं बोंडांवर यथेच्छ ताव मारला आणि बुधवारी सकाळी पोट धरून अंगणात बसली.

“आई, किती खाल्लीस?” मुलानं, लझहरनं, हसत विचारलं.

“तुझ्या बापानं माझे घास मोजले नाहीत. तू कोण टिकोजी लागून गेलास?”

लझहर आणखीच हसला. वाटीभर कोमट ऑलिव्ह तेल आईला पाजून तो बोंडांच्या पेट्या गाडीत भरायला गेला. शेजारणी कुंपणावरून डोकावल्या, “काय दहबिया, मास्तरचा शाप लागला का गं?” म्हणून खिदळल्या. त्या हसण्यात एकटी नझीहा नव्हती.

नझीहा ही लझहरची बायको. तिला सासूच्या पोटाहून सासूच्या चेहऱ्याची भीती वाटत होती. कळ यायची ती लाटेसारखी. दहबिया ओठ चावायची, तिच्या कपाळावर घाम फुटायचा, मग कळ ओसरली की ती भिंतीला टेकून हुश्श करायची. थोड्या वेळानं पुन्हा तेच. सकाळी पाजलेलं तेल दुपारी उलटून पडलं. संध्याकाळपर्यंत पोट टम्म झालं.

गुरुवारी लझहरनं औषधांच्या दुकानातून सोनामुखी आणली. दुकानदारानं काही विचारलं नाही. या दिवसांत असं गिऱ्हाईक आलं की तो काय हवं ते न ऐकताच पुडी बांधतो. काढा पोटात गेला आणि दहबिया तळमळून उठली. तासाभरानं तिला एकदा थोडं शौचाला झालं.

“सुटली!” लझहर अंगणातून ओरडला. “अल्हम्दुलिल्लाह, सुटली!”

पलीकडच्या घरातून एकीनं लग्नात देतात तशी जिभेची ललकारी दिली. पुन्हा हशा पिकला.

नझीहा आत सासूचे कपडे बदलत होती. बदलताना तिचा हात चुकून उजव्या जांघेला लागला आणि तिथेच थांबला. तिथे ती गाठ होती. दगडासारखी घट्ट, गरम, आणि पूर्वीपेक्षा मोठी.

दहबियानं तिचं मनगट पकडलं. कळा सोसून अर्धमेली झालेली बाई, पण पकड अशी की बोटं उमटावीत. “शपथ आठव,” ती पुटपुटली.

शपथ नझीहा कशी विसरेल? दोन वर्षांपूर्वी हमामात, गावाच्या सार्वजनिक न्हाणीघरात, सासूची पाठ चोळताना तिनं ती गाठ पहिल्यांदा पाहिली होती. खजुराएवढी, मऊ. घरी आल्यावर दहबियानं दार लावलं, तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा तुकडा तिच्या हातात ठेवला आणि म्हणाली, “या अन्नाची शपथ घे. लझहरला नाही, डॉक्टरला नाही, कुणाला म्हणून सांगायचं नाही. खोकलं की बाहेर येते, दाबली की आत जाते. काही दुखत नाही, खुपत नाही. त्या जागेचं नाव काढायला मी काय निर्लज्ज आहे?”

त्या दिवसापासून दहबिया बायांबरोबर हमामात गेली नाही. घरीच पडद्याआड अंघोळ करायची. हमाम म्हणजे तिचं दरबार भरवायचं ठिकाण! ते तिनं सोडलं, पण लाज सोडली नाही.

आणि त्या मुलखात हातात अन्न घेऊन केलेली शपथ मोडणं म्हणजे काय, हे नझीहा लहानपणापासून ऐकत आली होती. तिला वाटे, मोडली तर आपल्या लेकरांच्या ताटातली बरकत जाईल. न मोडली तर?

शुक्रवारी सकाळी लझहर पेट्या पोचवायला बाजारात गेला. “नमाजच्या आत येतो. आईला जरा सूप दे, अंगात ताकद येईल,” असं सांगून गेला. नझीहानं भरडलेल्या हिरव्या गव्हाचं पातळ सूप केलं. दोन चमचे पोटात गेले न गेले तोच दहबियाला उलटी झाली. ती पिवळी नव्हती, हिरवीही नव्हती. तपकिरी होती आणि तिला शौचाचा वास होता.

नझीहाच्या हातून वाटी पडली.

“आई! आई, माझ्याकडे बघा!”

दहबियानं डोळे उघडले, पण तिची नजर सुनेवर ठरेना. ओठ कोरडे पडले होते, डोळे खोल गेले होते. आता कळ लाटेनं येत नव्हती. आली होती ती ठाण मांडून बसली होती. नझीहानं डोक्यावरचा रुमाल कसाबसा सावरला आणि ती अनवाणीच धावत सुटली. उन्हानं तापलेल्या वाटेवर पाय भाजत होते, पण तिला ते कळलं नाही. एकच विचार होता, आई मरतायत, आणि त्या का मरतायत हे फक्त मला माहीत आहे!

गावाच्या टोकाला शाद्लियाकाकीचं घर होतं. काकीनं तीस वर्षं मोठ्या इस्पितळात नर्सचं काम केलं होतं आणि आता निवृत्त होऊन कोंबड्या पाळत होती. गाव तिला खडूस म्हणायचं, कारण ती कुणाच्या विनोदाला हसत नसे.

“काकी, आईंच्या बिया बसल्यात... तीन दिवस झाले...”

“असं कुणी सांगितलं?”

“कुणी म्हणजे... सगळेच म्हणतात.”

“सगळ्यांनी आत जाऊन पाहिलं का?” काकीनं कोंबड्यांचा दाणा तसाच टाकला, पिशवी घेतली आणि चालता चालताच प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. “उलटी कसली? वारा सरतो का खालून?”

“कालपासून नाही.”

“शौचाला?”

“काल एकदा झालं होतं, सोनामुखीनं.”

“सोनामुखी!” काकी थबकली. “अगं, नळी कुठे तुंबली असेल तर अडथळ्याच्या खाली जे आधीपासून पडलेलं असतं ते निघून जातं. तेवढ्यानं अडथळा सुटला असं होत नाही. आणि बंद दारावर वरून जोर लावला तर दार उघडतं की भिंत फुटते?”

नझीहानं चालण्याचा वेग वाढवला.

काकीनं घरात पाऊल ठेवलं, दहबियाची नाडी पाहिली, जीभ पाहिली, फुगलेल्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं. मग हातमोजा चढवला.

“शाद्लिया, काय करतेस? लाज नाही वाटत?” दहबिया क्षीण आवाजात फिस्कारली.

“नाही वाटत. तीस वर्षांत लाजेनं कुणी बरं झालेलं पाहिलं नाही मी. कुशीवर हो.”

क्षणभरात तपासून तिनं हातमोजा काढला. चेहरा गंभीर झाला होता.

“नझीहा, इकडे ये. बोंडांच्या बिया बसतात त्या अगदी शौचाच्या दारापाशी. बोट लावलं की लागतात. मी शेकड्यांनी काढल्यात. इथे बी नाही, खडा नाही, जागा रिकामी आहे. तुमच्या बोंडांवर उगीच आळ आलाय. अडकलंय ते कुठेतरी वर.” मग तिनं दहबियाकडे वळून विचारलं, “पोटाचं ऑपरेशन झालंय कधी?”

“नाही.”

“कुठे गाठबीठ? बेंबीपाशी? जांघेत?”

दहबियानं झगा दोन्ही मुठींत घट्ट आवळला. तिची नजर सुनेवर खिळली. त्या नजरेत धाक होता, आणि नझीहानं तिथे आजवर कधी न पाहिलेली विनवणीही होती.

“नाही,” दहबिया म्हणाली.

“आता तुला नाही विचारत. हिचा रंग उडालाय, हिला विचारतेय,” काकी म्हणाली. “नझीहा?”

नझीहाला रडू कोसळलं. “काकी, मी अन्नाची शपथ घेतलीय हो! हातात भाकरी घेऊन!”

काकी तिच्याजवळ आली. खडूस म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या बाईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “पोरी, अन्नाची शपथ घेतलीस ना? मग अन्नाचं म्हणणं ऐक. तीन दिवस झाले, हिच्या पोटातलं अन्न पुढे सरकत नाही. उलट फिरून तोंडातून बाहेर येतंय. देवानं दिलेल्या घासाची याहून विटंबना काय असेल? अन्न माणसाला जगवायला असतं. त्याच्या नावानं माणूस मरू द्यायचं, ही कुठली शपथ?”

बाहेर गाडीचा आवाज आला. लझहर परतला होता. पण नझीहा आता कुणासाठी थांबणार नव्हती.

“उजव्या जांघेत!” ती ओरडली. “दोन वर्षं झाली! काल हात लागला तेव्हा दगडासारखी होती!”

दहबियानं तोंड भिंतीकडे फिरवलं. दारात उभ्या असलेल्या लझहरला काय चाललंय ते कळेना. काकीनं त्याला बाहेरच थांबवलं, झगा वर केला, गाठीला फक्त दोन बोटं टेकवली आणि लगेच हात मागे घेतला.

“कुणी दाबायची नाही ही. एक थेंब पाणीसुद्धा पाजायचं नाही. आतड्याचा वेढा इथे फटीत घुसून आवळला गेलाय. आत्ताच्या आत्ता गाडीत घाला हिला.”

“कुठे? डॉक्टर पुरुष असेल!” दहबिया अचानक उठू पाहत म्हणाली. “चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्यानंसुद्धा उजेडात पाहिलं नाही. परक्या माणसापुढे मी... मरू दे मला, अब्रूनं मरू दे!”

“मेल्यावरही चार बायका तुला न्हाऊ घालतीलच ना?” काकी कडाडली. “तेव्हा दिसेल ती गाठ. मग म्हणतील, एवढीशी होती आणि हिनं सांगितली नाही! अब्रू झाकलेल्या जागेत नसते दहबिया, माणसाच्या वागण्यात असते. डॉक्टरला तिथे तू दिसणार नाहीस, आतडं दिसेल. आणि देवानं दिलेला जीव लाजेपायी टाकून द्यायचा हक्क तुला कुणी दिला?”

लझहर दारातच खाली बसला. “मी हसलो,” तो म्हणाला. “तीन दिवस मी हसत होतो.” मग उठून त्यानं आईला उचललं.

चाळीस किलोमीटरचा तो रस्ता नझीहा जन्मात विसरणार नाही. मागे रिकाम्या पेट्या आदळत होत्या, पुढे सासूचं डोकं तिच्या मांडीवर होतं. अर्ध्या वाटेत कण्हणं थांबलं. लझहरला वाटलं, आईला आराम पडला. काकीनं मात्र मागून ओरडून सांगितलं, “जोरात हाक! थांबलेलं दुखणं मला आवडत नाही!” नझीहानं सासूच्या नाकाशी हात धरला आणि थेट इस्पितळाच्या दारापर्यंत काढला नाही.

तिथे भराभर हात चालू लागले. शिरेतून सलाइन लागलं, रक्त तपासायला गेलं. नाकातून नळी घातली तशी पोटातली तपकिरी घाण बाटलीत उतरू लागली. मग दहबियाला आधार देऊन बसवून पोटाचा एक्स-रे काढला. डॉ. फुआद नावाचा तरुण सर्जन होता. त्यानं तो फोटो उजेडापुढे धरला.

“ही बघा आतडी. फुगलेली. आणि या आडव्या रेघा दिसतात? वर हवा, खाली पाणी. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक. पाणी पुढे वाहत असतं तर असं साठलं नसतं.” मग सीटी स्कॅन झाला, आणि त्यात जांघेच्या अरुंद फटीत अडकलेला आतड्याचा वेढा स्पष्ट दिसला.

“यांना हे कधीपासून?” त्यानं विचारलं.

“दोन वर्षं,” नझीहा म्हणाली. “मला माहीत होतं.”

डॉक्टर रागावेल असं तिला वाटलं. तो एवढंच म्हणाला, “आज सांगितलंत म्हणून निदान ऑपरेशन तरी करता येईल. वाचतील की नाही, ते आत गेल्याशिवाय सांगता येणार नाही.”

दार बंद झालं. दोन तास नझीहा आणि लझहर बाकावर बसून होते. नझीहा पुन्हा पुन्हा अल्लाहचं नाव घेत होती. वाचल्या तर आपल्याशी जन्मभर बोलणार नाहीत, आणि नाही वाचल्या तर दोन वर्षांचं गप्प बसणं आपल्या माथी राहील! तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तिचा हात धरून बसला.

दार उघडलं तेव्हा डॉ. फुआदच्या कपाळावर घाम होता. “वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. उरलेलं जोडलंय. आजचा दिवस गेला असता तर ते आत फुटलं असतं आणि मग माझ्या हातात काही राहिलं नसतं. अजून चार दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचंय.”

ते चार दिवस दहबिया सुनेशी एक शब्द बोलली नाही. नझीहा तिचे पाय चेपायची, ती छताकडे पाहायची. पाचव्या दिवशी नर्सनं पहिल्यांदा सूप आणि त्याबरोबर मऊ पावाचा तुकडा दिला. दहबियानं तो तुकडा हातात घेतला, बराच वेळ पाहिला, मोडला आणि अर्धा सुनेपुढे धरला.

“घे. आता या अन्नाची शपथ घे.”

नझीहानं तुकडा घेतला. “कसली, आई?”

“पुन्हा माझं कधी ऐकायचं नाहीस, असली शपथ मी घालते तेव्हा.” दहबियाचे डोळे भरून आले. “पोरी, मी लाज सांभाळत होते आणि मरण तू एकटी सांभाळत होतीस. तुझ्यावर हे ओझं टाकलं त्यासाठी मला माफ कर.”

नझीहा तिच्या कुशीत डोकं खुपसून ढसाढसा रडली. तो घास तिला खारट लागला, पण असा घास तिनं आजवर खाल्ला नव्हता.

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात दहबिया पुन्हा सोलणाऱ्या बायांत येऊन बसली. कुणीतरी नेहमीप्रमाणे एका म्हाताऱ्याच्या बसलेल्या बियांचा विनोद सुरू केला. दहबियानं चाकू खाली ठेवला.

“हसा, पण आधी विचारा,” ती म्हणाली. “पोट फुगलंय का? उलट्या होतायत का? कळा येऊन येऊन जातात का? वारा सरतो का? हो, वारा! लाजता काय, तुमच्या नवऱ्यांचा आवाज तर अख्खं गाव ऐकतं! यातलं काही बिनसलं असेल तर तेल नाही, काढा नाही, पाणीसुद्धा नाही. थेट इस्पितळ. आणि अंगावर कुठे गाठ असेल तर ती दुखायची वाट बघू नका. माझी वीतभर आतडी गेली, तेव्हा कुठे मला एवढी अक्कल आली.”

बाया हसल्या, पण या वेळी हसणं निराळं होतं. उन्हं चढली, बाया पेट्या उचलून घरोघर गेल्या. मबरूका तेवढी मागे राहिली. गेल्या वर्षी कुंपणापलीकडून ललकारी दिली होती ती हीच. ती उगाचच सोललेल्या साली गोळा करत होती.

“दहबिया,” ती खाली मान घालून म्हणाली, “तो डॉक्टर... फार रागावतो का गं?”

दहबियानं तिच्याकडे पाहिलं. मबरूकाचा एक हात झग्यावरून जांघेपाशी होता.

“केव्हापासून?”

“चार वर्षं. घरात कुणाला माहीत नाही.”

दहबियानं हात धुतले, रुमाल नीट बांधला आणि हाक मारली, “नझीहा, लझहरला म्हणावं पेट्या उतरव. गाडी इस्पितळात न्यायचीय.”

वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी मबरूका असेल. आपल्या हसण्याला भिऊन ती गप्प असेल. तिला आज विचारा. शरीराची कुठलीही जागा लाजेची नाही. लाज वाटायला हवी ती तिचं दुखणं ऐकून हसणाऱ्या आपल्याला!